सईच्या पायातल्या इंग्रजी मुंग्या

माझं इंग्रजी चांगलं आहे, असं आमच्या घरात फक्त मला वाटतं. माझी बायको वैशाली हिला तसं वाटत नाही. पण तिला माझ्याविषयी बरंच काही वाटत नाही, म्हणून मी ते मनावर घेत नाही.

आमची सई तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. शाळा परळची, इंग्रजी माध्यमाची. आम्ही दोघं लालबागला मराठीतून शिकलेले. ओपन हाउसला तिच्या टीचर (दिल्लीच्या, मराठीचा गंध नाही) म्हणाल्या, "सईज व्होकॅब्युलरी इज व्हेरी पुअर." शुक्रवारी तोंडी परीक्षा होती. त्यात तिला स्वतःच्या मनाचं एक पूर्ण वाक्य बोलता आलं नाही, तर दर शनिवारी इंग्रजीचा जादा तास. आणि शनिवारी त्याच वेळेला शाळेत लेझीम असते!

सईचा सगळा जीव लेझमीत. घरी लेझीम नाही म्हणून ती स्वयंपाकघरातली सांडशी घेऊन नाचते. कुकर उतरवायचा असला की वैशालीला तिच्या मागे धावावं लागतं.

"पप्पा, माझी लेझीम जाणार?" घरी येताना सईने विचारलं.

"मी असताना?" मी म्हणालो. (हे वाक्य मी जेव्हा जेव्हा बोललोय, तेव्हा तेव्हा काहीतरी गेलेलंच आहे.)

त्याच संध्याकाळी मी हुकूम काढला. रोज पाच नवे शब्द, आणि शुक्रवारपर्यंत घरात मराठी बंद! शब्द कसे वापरायचे याची माझी एक खास पद्धत होती. मराठी वाक्य घ्यायचं, त्यातला एकेक शब्द काढून तिथे इंग्रजी शब्द बसवायचा. काम फत्ते!

"पप्पा, 'भूक मेली'ला काय म्हणायचं?"

"हंगर इज डेड."

"आणि 'डोकं खाऊ नकोस'?"

"डोन्ट ईट माय हेड."

"अहो, असं म्हणतात तरी का?" वैशालीने आतून विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस. बोलायचंच असेल तर इंग्लिशमध्ये बोल!"

ती बोलली ते मालवणीत होतं, आणि इथे लिहिण्यासारखं नव्हतं.

दोन दिवसांत घराची पार रया गेली. झोपेतसुद्धा बडबडणारी आमची पोरगी मुकी झाली. पाणी हवं असलं की माठाकडे बोट दाखवायची. सांडशी खुंटीवर नुसती लटकत होती. मलाही ते बघवत नव्हतं, पण आता माघार घेतली तर बायको काय म्हणेल, या भीतीने मी हुकूम तसाच चालू ठेवला.

गुरुवारी अभ्यास करता करता सईने पाय चोळला आणि हळूच विचारलं, "पप्पा, 'पायाला मुंग्या आल्या' हे कसं सांगायचं?"

मला येत नव्हतं. पण येत नाही म्हणेन तर मी बाप कसला! "अँट्स हॅव कम इन माय लेग," मी ठणकावून सांगितलं. "'हॅव' लक्षात ठेव हं. मुंग्या अनेक आहेत."

शुक्रवारी दुपारी ऑफिसात फोन वाजला. "आर यू सईज फादर? प्लीज कम. इन्सेक्ट प्रॉब्लेम!" मी डबा तसाच उघडा टाकून धावत सुटलो.

शाळेच्या हॉलमध्ये पाहतो तर सगळा वर्ग स्टेजवर चढलेला. शिपाई कोपऱ्याकोपऱ्यात फवारा मारतोय. मधोमध खुर्चीवर आमची सई, अनवाणी, मोजे उलटे केलेले, पायाला कसलंसं पांढरं मलम! झालं होतं असं, की तिचा नंबर शेवटचा. मांडी घालून बसून बसून पाय पार बधिर झालेला. टीचरनी "स्टँड अप" म्हटल्यावर तिने माझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. टीचरनी किंचाळून मोजे झटकले, तर ही रडत म्हणाली, "नॉट आउटसाइड, टीचर! इनसाइड!" त्यावर तर सगळेच हादरले.

"मॅडम, नो रिअल अँट्स," मी धापा टाकत म्हणालो. "ओन्ली फीलिंग अँट्स!"

"फीलिंग अँट्स?"

"येस! विदाउट बॉडी अँट्स!"

टीचर एक पाऊल मागे सरकल्या. शेवटी मी हिंदीला हात घातला. "मॅडम, पाँव में मुंगी आया, लेकिन मुंगी है नहीं!" त्यांनी आता सईला सोडून माझ्याकडे काळजीने पाहायला सुरुवात केली. तेवढ्यात सई खुर्चीवरून उतरली आणि एक पाय आपटत लंगडत चालायला लागली.

"ओह!" टीचरचा चेहरा उजळला. "पिन्स अँड नीडल्स!"

"नो नो मॅडम!" मी ओरडलो. "नो पिन, नो नीडल! आय प्रॉमिस! ओन्ली अँट्स!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. इंग्रजांच्या पायात म्हणे मुंग्या येत नाहीत, टाचण्या आणि सुया येतात. (आणि हे लोक आमच्या मुंग्यांना घाबरणार!) मी मान डोलावली. पण टीचरच्या हातातला गुणांचा कागद अजून कोराच होता. सई त्याच्याकडे टक लावून पाहत होती. गेली लेझीम, माझ्यामुळे गेली, असं मला स्पष्ट दिसलं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

टीचर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "सई बेटा, हू टीचेस यू इंग्लिश ॲट होम?"

सईने माझ्याकडे पाहिलं. डोळे पुसले.

"नोबडी टीचेस मी, टीचर. ओन्ली माय फादर."

"एक्सलंट!" टीचरनी टाळीच वाजवली. "ब्यूटिफुल आन्सर! युअर ओन वर्ड्स!" आणि कागदावर भलीमोठी बरोबरची खूण केली.

त्या शनिवारी सई पहिल्या रांगेत नाचली. वैशाली अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाक्य ऐकवते आणि पोट धरून हसते. हसू दे. पण त्या दिवशीच्या पाच शब्दांतला 'नोबडी' हा शब्द मीच शिकवला होता, एवढं तरी श्रेय मला द्या!