ट्रंक लाइनवरची परसबाग

ड्युटीवर असताना बाईंचा आवाज रेडिओवरच्या निवेदिकेसारखा नितळ असे. "लातूर. नंबर सांगा." पण पलीकडच्या गावाची लाइन लागली आणि बोलणारा माणूस फोनवर यायला वेळ लागतोय असं दिसलं, की त्याच बाई हळूच घरच्या बोलीवर येत. "नांदेड, तुमच्याकडं मेथी उगवली का गं? मी पेरून बसले, पर मान वर काढंना." तिकडून उत्तर येईपर्यंत त्यांचे डोळे बोर्डावरच्या दिव्यांवर असत आणि कान नांदेडच्या मेथीत.

लातूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती, आणि क्वार्टर्समध्ये घरही भिंतीला भिंत लागून. गल्लीतली मुलं त्यांना हॅलोबाई म्हणत. पुढं आम्हीही म्हणू लागलो. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या मिळेल त्या भाड्याच्या खोल्यांत थाटल्या होत्या, रोज कुणीतरी नवे साहेब रुजू होत आणि परगावी जोडायच्या ट्रंक कॉलची रांग संपत नसे. त्या रांगेतल्या फटींमध्ये बाई आपले प्रश्न सरकवत. आम्ही ऑपरेटर एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारायचो, त्यामुळं नांदेड, देगलूर, भोकर ही बाईंसाठी गावं नव्हती, मैत्रिणी होत्या. एकीचाही चेहरा त्यांनी पाहिला नव्हता.

सुपरवायझरनी एकदा टोकलं, "बाई, सरकारी लाइनवर भाजीपाला नको."

"न्हाई साहेब, लाइन तपासून राहिले," बाई म्हणाल्या. साहेबांनी मान हलवली. त्यांच्या घरी बाईंचाच पुदिना जात होता.

क्वार्टरमागच्या चिंचोळ्या पट्टीत त्यांची बाग होती. पावसाळ्यात कुंपणावर दोडका आणि कडेनं झेंडू. दसरा सरला की मेथी, पालक, कोथिंबीर. उन्हाळ्यात पोत्याच्या सावलीखाली पुदिना आणि गवती चहा. कुणाचं सांगणं त्या नुसतं मानून घेत नसत. धने चपलेखाली रगडून पेरावेत, असं भोकरनं सांगितलं. रात्रभर भिजवून पेरावेत, असं देगलूरचं म्हणणं पडलं. बाईंनी वाफ्याच्या मधोमध खराट्याची काडी रोवली आणि दोन्हीकडं दोन्ही तऱ्हेचे धने पेरले. रोज कामावर निघताना वाकून बघायच्या. अखेर एकदाचे कोंब दिसले तसा त्यांनी भोकरला कॉल लागताच निकाल कळवला, "तुमचं मागं पडलं, भोकर. पर फिकीर करू नका, अजून वाढायचं हाय." रगडून आणि भिजवूनही बघायचं राहिलं, याची त्यांना चुटपुट लागली, म्हणून वाफ्याचा एक कोपरा पुन्हा उकरला.

त्यांचे यजमान शाळेत गुरुजी होते. दोडक्याच्या आळ्यातच चूळ भरायची, अशी त्यांना ताकीद होती. "आमच्या घरात तोंड धुवायलासुद्धा जागा नेमून दिलेली आहे," ते सांगत, आणि बिचारे पाळतही. वैशाखी पौर्णिमेला त्यांच्याकडं बुद्धाच्या तसबिरीपुढं घरचाच मोगरा असे. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना खीर मिळे आणि जाताना बाई प्रत्येकाला विचारत, "तुमच्या मोगऱ्याची पानं का पिवळी पडून राहिली, कळलं का?"

मग दुष्काळ आला. भर पावसाळ्यात नळ आटले, टँकर सुरू झाले. बाई तांदूळ धुतलेलं, भांड्यांचं पाणी जपून ठेवत आणि तेवढ्यावरच झाडं राखत. पण टँकरपाशी तापलेल्या बायकांना ते कोण सांगणार? एके सकाळी समोरच्या वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमच्या लेकरांना प्यायला न्हाई, अन् ह्यांच्या झेंडूला पाणी हाय."

बाईंनी भरलेली घागर उचलली आणि घरात गेल्या. संध्याकाळी मी मागच्या दारी गेले, तर सगळं उपटून ढीग केलेला. दोडकाही काढला होता. गुरुजी तांब्या घेऊन पायरीवर बसले होते.

"खरकट्या पाण्यावर जगत होतं की सगळं," मी म्हटलं.

"मला ठावं हाय. त्यांना कसं ठावं असंल?" बाई म्हणाल्या. "त्यांच्या डोळ्याला हिरवं दिसत होतं, बास." त्यांनी पाठमोऱ्याच हात झटकले.

त्यानंतर त्यांनी लाइनवर विचारणं सोडलं. नंबर घ्यायच्या, जोडून द्यायच्या. मला शेजारी बसणं जड होऊ लागलं. शेवटी नांदेडनंच विचारलं, "लातूर, लई दिस झाले, काही इचारत न्हाईस?" बाईंनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. पलीकडून लगेच प्रश्न आला, "बी तरी धरलं होतंस का?"

"न्हाई गं. फुलावर होतं, तसंच उपटलं."

पाऊस पडला त्या सुमारास नांदेडच्या एसटीचा एक कंडक्टर एक्स्चेंजच्या दारात येऊन पुरचुंडी देऊन गेला. मग देगलूरची आली, भोकरची आली. झेंडू, गवार, दोडका, काटेरी वांगी. बाईंनी टेबलावर सगळं पसरलं, एकेक बी नखानं दाबून पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या. निम्मं बी त्यांनी क्वार्टर्समध्ये वाटलं. समोरच्या वहिनींकडंही गेल्या. वहिनी दारातच अडखळल्या, "त्या दिवशी मी…" बाईंनी बोलू दिलं नाही. "दोडका उन्हाच्या बाजूला लावा. अन् आमच्या आधी फूल आलं तर मला दाखवा."

काही वर्षांनी थेट डायल करायची सोय झाली, ट्रंक बोर्ड मोडीत निघाला आणि बाईंची बदली नांदेडला झाली. जाताना रडल्या, पण नांदेडला आता डोळ्यांनी बघायला मिळणार म्हणून हरखल्याही होत्या.

दिवाळीनंतर मी त्यांच्याकडं गेले. नव्या क्वार्टरच्या अंगणात त्यांनी वाफा भुसभुशीत करून ठेवला होता. शेजारी एक ठेंगणी, चष्मा लावलेली बाई संकोचून बसली होती.

"ही नांदेड," बाई म्हणाल्या. "आल्या आल्या हिची बाग बघायला गेले. गावातल्या माडीवर एक खोली. गॅलरीत कपड्याची दोरी. कुंडी सुदिक न्हाई."

"मग इतकी वर्षं सांगायचात ते?" मी नांदेडला विचारलं.

"माहूर-किनवटच्या लाइनीवर इचारायची," त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "बी सुदिक त्यांच्याकडूनच मागितलं. हिनं पेरलं की मला वाटायचं, मीच पेरलं."

हॅलोबाईंनी मेथीची वाटी नांदेडच्या हातात दिली. त्यांनी बोटानं चर ओढला, फारच खोल, आणि एकेक दाणा मोजल्यासारखा ठेवत गेल्या. इतकी खोल मेथी वर येताना दमते. मी तोंड उघडणार, तोच बाईंनी माझा हात धरला.

"करू दे तिला," त्या हळूच म्हणाल्या.