हाक कोणी मारायची?

ईरा, नील,

शालनआत्याची बातमी तुम्हाला फोनवर एका ओळीत कळली. नंतरही मी तिच्याबद्दल एका ओळीपेक्षा जास्त बोलले नाही. आज लिहायला बसले त्याला कारण परवाचा ईराचा निरोप, "आजी, आत्याआजीचा लॅपटॉप पुसून कुणाला तरी देऊ या का?" प्रश्न रास्त आहे. न वापरती वस्तू अडवून ठेवू नये, हे मीच तुम्हाला शिकवलं. पण तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला... त्या लॅपटॉपमध्ये बत्तीस ओळींचा एक तक्ता आहे, आणि पाऊस यायला महिना उरला आहे. तेव्हा उत्तर थोडं लांब होईल.

शालन तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. मी महाडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते तेव्हा ती पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका वाडीत प्राथमिक शाळा चालवत होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाली तरी शाळेमागची खोली सोडली नाही. शनिवारी एसटीने माझ्याकडे यायची, सोमवारी परत. यंदा होळीच्या आधीच्या आठवड्यात सकाळी गंगारामचा फोन आला. हा तिचा जुना विद्यार्थी, आता स्वतः आजोबा झालेला. "वैनी, बाई तुमच्याकडं हायेत ना?" मी म्हटलं, नाहीत. आदल्या दिवसापासून तिच्या खोलीचं दार बंदच होतं. वाडीला वाटलं बाई महाडला गेल्या. मला वाटलं ती वाडीत आहे. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मी मान हलवली. पण तो मधला एक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

वाडी डोंगराच्या पोटात आहे. मुसळधार लागली की सगळ्यांनी शाळेत उतरून यायचं, असा तालुक्याचा हुकूम, आणि त्यासाठी दरवर्षी प्रत्येक घराचा एक कागद द्यायचा : माणसं किती, चालता न येणारं कोण, औषध कुणाचं. निम्मी माणसं मुंबईला, शिमग्या-गणपतीला येणारी, त्यामुळे कागद दरवर्षी बदलायचे आणि शालन ते हाताने लिहायची. शेवटी एक ओळ तिने स्वतःची घातली होती : 'हाक कोणी मारायची.' त्या उतारावर फोन लागत नाही. वरच्या घराने खालच्याला ओरडून सांगायचं, ही तिथली जुनी रीत. दोन वर्षांपूर्वी तिचं बोट वाकेना झालं, आणि ईरा, तू तिला घराघराचे कागद आपोआप भरून देणाऱ्या त्या सॉफ्टवेअरची लिंक पाठवलीस. फुकट आहे म्हणालीस, सोपं आहे म्हणालीस. पहिलं खरं होतं.

माहितीपत्रक इंग्रजीत. मी वाचायचं, तिने टाइप करायचं, अशी वाटणी झाली. एका बाजूला तक्ता, दर घराला एक ओळ. दुसऱ्या बाजूला साचा, म्हणजे कोरा कागद, त्यात जिथे नाव हवं तिथे महिरपी कंसात 'नाव'. सॉफ्टवेअर एकेक ओळ उचलतं आणि साच्यात ओततं. "म्हणजे मोदकाचा साचा," शालन म्हणाली, "सारण निराळं, कळ्या त्याच." पहिल्या दिवशी फक्त 'नमस्कार' आणि एक नाव एवढाच कागद काढायचा होता. निघाला, पण त्यावर अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन! बाजारातला झेरॉक्सवाला कागद उलटासुलटा करून बघत राहिला. "आजी, ही कुठली भाषा?" शालन म्हणाली, "वहिनींची. इंग्रजी शाळेतली." मराठी अक्षरांचा फाँट वेगळा द्यावा लागतो, हे कळायला आम्हाला आठवडा गेला. मी वहीत पायऱ्या लिहून काढल्या, क्रमांक घालून. ती वही न बघता बटणं दाबायची आणि मी कातावायचे.

पुढची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. दर घराची फाईल वेगळी निघायची आणि तिला नाव द्यावं लागायचं. शालनचं म्हणणं, वाडीत म्हणतात तेच नाव द्यावं : वरचं घर, फणसाखालचं, विहिरीवरचं. मी म्हटलं, "सरकारी कागद आहे, शालन. कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव घाल. शिस्तीत होऊ दे."

"वहिनी, वाडीत माणसाला नावाने कोण ओळखतं?"

"तालुका वाडीला ओळखत नाही. त्यांना नावच लागतं."

तिने ऐकलं. ती सहसा ऐकायची नाही, तेव्हा मात्र ऐकलं. सगळ्या वाडीचं आडनाव एक, आणि आजोबाचं नाव नातवाला ठेवायची चाल. त्यामुळे एकाच पूर्ण नावाचे तीन प्रमुख होते, दुसऱ्या एका नावाचे दोन. सॉफ्टवेअरने काय करावं? त्याच नावाची नवी फाईल आली की जुनी पुसली. एकतीस घरं आणि शालनची खोली धरून बत्तीस कागद निघायला हवे होते, निघाले एकोणतीस. मी मोजले. मीच मोजले. वाडीत तीन घरं बारमाही कुलूपबंद असतात हे मला माहीत होतं, म्हणून एकोणतीस हा आकडा मला अगदी बरोबर वाटला. शालनची एसटी सुटत होती. गठ्ठा प्लास्टिकमध्ये बांधून मी तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "तपासलेत. डोळे मिटून वापर."

त्याच दुपारी वर पावसाने गाठलं. कागद घराघरांत वाटायला वेळच मिळाला नाही. शाळेच्या ओसरीवर उभी राहून तिने ते वाचून दाखवले, कोणी कोणाला हाक मारायची ते सांगितलं. माणसं धावली, आपापल्या वाट्याच्या घरांना बोलावून आणलं. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी कागदावर खुणा केल्या, सगळं जुळलं. साहेब म्हणाले, "बाई, असं काम मी पाहिलं नाही." ती मात्र ओसरीवर येरझारा घालत होती. मग म्हणाली, "ठकूबाईचा खोकला कुठाय?"

ठकूबाई विहिरीवरच्या घरात एकटी राहायची. घराचा प्रमुख म्हणून नाव होतं तिच्या मुंबईतल्या मुलाचं, आणि वरच्या घरातल्या त्याच्या चुलतभावाचं नावही तेच. गळलेल्या तीन कागदांपैकी दोन कुलूपबंद घरांचे होते, तिसरा तिचा. गंगारामचं घर तिच्या शेजारचं. तो ओशाळून म्हणाला, "बाई, दरसाल मीच हाक मारतो. पन आज कागदात नाय आली, तर मला वाटलं दुसऱ्याच्या वाट्याला दिली असंल." पुढचं ऐकायला शालन थांबली नाही. सत्तरीची बाई डोक्यावर पोतं घेऊन चढ चढली, मागून गंगाराम. ठकूबाई चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "हाक नाय आली, म्हून नाय निघाली." गंगारामने तिला पाठीवर घेतलं. त्या दिवशी डोंगर हलला नाही. पण तो हलेल की नाही, हे कोणाला ठाऊक होतं?

शनिवारी ती आली, पाय धुतले, लॅपटॉप उघडला आणि तक्त्यात सगळ्यात पुढे एक नवा रकाना घातला : 'घर.' वरचं, फणसाखालचं, विहिरीवरचं. मी शेजारी बसले होते. काय झालं ते तिने मला सगळं सांगितलं, चूक कोणाची ते तेवढं सांगितलं नाही. मीच म्हटलं, "शालन, ते नावांचं..." ती म्हणाली, "तुमचं इंग्रजी बरोबर होतं हो वहिनी. आमची वाडीच चुकीची." आणि हसली. मी हसले नाही. माफीही मागितली नाही. पुढच्या शनिवारी मागू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या... आता गुडघे धरून ती तो चढ कशी चढली असेल ते मी मनात पुन्हा पुन्हा चढून बघते, आणि त्या चढाने तिचं काही बिघडलं का, हे विचारायला कोणी उरलं नाही.

नवा रकाना घातला त्याच दिवशी तिने आणखी एक गोष्ट केली. रकाना रिकामा असला तर काय छापायचं, हे साच्याला आधी सांगून ठेवता येतं. तो भाग मी वाचून दाखवला आणि तिने 'हाक कोणी मारायची' या ओळीसाठी लिहिलं : 'बाई येतील.' मग बत्तीसच्या बत्तीस कागद काढून आम्ही टेबलावर मांडले. बंद घरांच्या कागदांवर 'बाई येतील.' ठकूबाईच्या कागदावर गंगाराम. शेवटचा तिचा स्वतःचा : घर, शाळेमागचं. माणसं, एक. चालता येतं, हो. हाक कोणी मारायची... तिथेही 'बाई येतील.' मी म्हटलं, "अगं, तुझा रकाना तू रिकामाच ठेवलास." "मला कोण हाक मारणार, वहिनी? मीच वाडीचा भोंगा." मी हट्ट धरायला हवा होता. शिस्तीचा एवढा हट्ट धरते, तिथेच धरला नाही.

गेल्या आठवड्यात गंगाराम खाली आला होता. शाळेमागच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे आहे. मी लॅपटॉप उघडून एकेक रिकामा रकाना वाचत गेले आणि तो नावं सांगत गेला. कुलूपबंद घरांनाही नावं दिली. "गणपतीला कोन आला आनि अडाकला तर?" म्हणाला. माझं बोट त्याच्या वेगाने चालत नव्हतं, पण सगळे रकाने भरले. मग बत्तिसावी ओळ आली. मी विचारलं, "ही काढू?" त्याने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "कागद वाचताना पोरांना कळंल, कोन होतं ते."

म्हणून, ईरा, लॅपटॉप देता येणार नाही. या वर्षीचे कागद मी काल काढले, दोनदा मोजले, मग तक्त्याशी एकेक ओळ लावून पाहिले. बत्तीस आहेत. एकतीस कागदांवर वाडीतल्या कोणाचं ना कोणाचं नाव आहे. शाळेमागच्या घराच्या कागदावर अजूनही 'बाई येतील' असंच छापून येतं.