खंडेनवमीचा रोल

मोरीच्या दारावर पुन्हा टकटक झाली. बाहेर तानाजीकाका, आत मी, आणि माझ्या हातातल्या डब्यात त्यांच्या आईचा फोटो. उरला असेल तर.

वडूजला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट. डिजिटलवर एका लग्नाचे इतके फोटो निघतात की नवरा-नवरीसुद्धा सगळे बघत नाहीत. त्याचा वीट आला, म्हणून माळ्यावरचा फिल्मचा कॅमेरा खाली काढला आणि घरीच रोल धुवायला लागले. आमच्या धंद्यात रोल ‘धुतात’. म्हणजे अंधारात तो डब्यात भरायचा, वरून केमिकल ओतायचं आणि डबा हलवत राहायचं. पाणी गार लागतं, ते माठातलं घेते. मोरी आंघोळीला कधी मिळणार, असं नवरा रोज विचारतो. विचारू दे.

काका मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. आई गेली, वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि भिंतीला लावायला फोटोच नाही. फोटो काढला की माणूस खंगतं म्हणायची म्हातारी. मोबाईल दिसला की पदर तोंडावर. आधार कार्डावरचा फोटो होता, पण त्यात आपण सगळेच आरोपी दिसतो. मग काकांना तरुणपणी सुट्टीवर आणलेला कॅमेरा आठवला. अर्धा रोल काढून ते ड्युटीवर परत गेले, आणि रोल आतच राहिला.

कॅमेरा बघून मी कपाळाला हात लावला. आतबाहेर हळदकुंकू. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं, अवजारं पुजतात. पोराचं हत्यार म्हणून म्हातारी दर वर्षी कॅमेऱ्याची पाठ उघडायची, आतून पदरानं पुसायची आणि कुंकू लावायची. रोलला उजेड लागला की संपलं सगळं.

मी काकांना तोंडावर सांगितलं, आशा धरू नका. पुसायच्या नादात आईनंच रोल घालवलाय.

काकांनी कॅमेरा जवळ ओढला. "कॅमेरा न्हाई ताई," ते म्हणाले. "मी घरी नसायचो. मला पुसत हुती ती."

घेतला रोल.

एक गोष्ट आमच्या बाजूनं होती. काढलेले फोटो कॅमेऱ्यात एकावर एक गुंडाळले जातात. उजेड आधी बाहेरचे वळसे खातो. सगळ्यात आधी काढलेला फोटो सगळ्यात आत असतो, तो कधीकधी वाचतो. पहिला फोटो कुणाचा, ते मी काकांना विचारलं. आईचाच, ते म्हणाले. नको म्हणून तिनं हात पुढं केला, तेवढ्यात यांनी खटका दाबला.

रोल धुऊन झाल्यावर मी दार उघडलं आणि फिल्म उलगडायला लागले. काळीकुट्ट, उजेडानं खाल्लेली. पुढंही काळीच. काकांच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होईना. अगदी टोकाला आल्यावर पट्टी फिकी झाली आणि एक चौकट दिसली. बाईमाणूस, हात पुढे.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं दिसतं. मी हे समजावून सांगणार, तोवर काकांनी ओली पट्टी खिडकीपाशी नेली होती. तरण्या बाईचे काळेभोर केस त्यात पांढरेशुभ्र दिसत होते.

"जाताना अशीच दिसत हुती, ताई," ते म्हणाले आणि तिथंच मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

प्रिंटमध्ये तिचा हात निम्म्या चेहऱ्यावर आला होता. कॉम्प्युटरवर काढून देते म्हटलं, तर काका नको म्हणाले. आईचा हात कुणी काढतं का! प्रिंट भिंतीवर लागला. निगेटिव्ह मात्र त्यांनी स्वतःच्या पाकिटात ठेवली.

गिऱ्हाईक घाबरतं, त्याला निगेटिव्ह दाखवायची नाही, असं मला शिकवलं होतं. आता मी आधी तीच दाखवते.