मेल्टिंग पॉइंट एकशे सतरा

पन्नासच्या दशकातली एक मंगळवारची दुपार... मुंबईतल्या आमच्या कॉलेजची केमिस्ट्री लॅब. मी ठाण्यातल्या नौपाड्याची, एकोणीस वर्षांची, पाचवारीचा पदर कमरेला खोचून बर्नरसमोर उभी. आज नव्वदीला टेकले आहे, हे स्वतः टाइप करते आहे आणि त्या दुपारचा आकडा मला अजून पाठ आहे. एकशे सतरा.

ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचं आमचं पहिलंच वर्ष. बेन्झोइक ॲसिड उकळत्या पाण्यात विरघळवायचं, गरम असतानाच गाळायचं आणि थंड होऊ द्यायचं. मग पांढऱ्या चकचकीत सुया तयार होतात... त्या वाळवून किती डिग्रीला वितळतात ते पाहायचं. पुस्तकात एकशे एकवीस. माझा आकडा आला एकशे सतरा.

करंदीकर सर आमचे डेमॉन्स्ट्रेटर. तापट माणूस. माझं जर्नल त्यांनी उघडलं आणि तसंच मिटलं. "मिस देवधर, हे ॲसिड केलंत की साबुदाण्याची खिचडी? ओलं राहिलं असणार. पुन्हा करा."

इथे एक सांगायला हवं. जर्नलवर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नसे, आणि सह्यांचा शेवटचा दिवस होता शनिवार. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून. त्यांनी मला शिकू दिलं ते एका अटीवर... एकही परीक्षा चुकता कामा नये. चुकली की कल्याणचं स्थळ. मुलगा रेल्वेत होता आणि आत्याने पत्रिकासुद्धा जुळवून ठेवली होती.

गुरुवारी मी सगळं पहिल्यापासून केलं. सुया फिल्टर पेपरवर दाबून दाबून वाळवल्या, इतक्या की बोटाला चिकटेनात. थर्मामीटरला बारीक नळी बांधली, बर्नर लहान ठेवला, डोळा हलवला नाही... पुन्हा एकशे सतरा!

आमच्या बाकावर आम्ही चौघं आणि चौघांत थर्मामीटर एक. माझी मैत्रीण कुमुद, डोंबिवलीची. शिवाय बापट आणि त्याचा एक दोस्त. तिघांच्याही जर्नलमध्ये एकशे एकवीस, तिघांनाही सही मिळालेली.

बापट भलताच खुशीत होता. "अहो देवधर, तुमचं ॲसिड ठाण्याचं दिसतंय. आमचं पुस्तकातलं. चार डिग्रीचा फरक पडणारच की!"

कुमुदने मला कोपऱ्यात ओढलं. "अगं, एकवीस लिही आणि मोकळी हो! त्या सतराशी लग्न लावायचंय का तुला? बस अशीच हटून, म्हणजे कल्याणच्याशी लावतील."

खोटं कशाला सांगू... मी पेनचं टोपण काढलं होतं. एक आकडा खोडायचा, दुसरा लिहायचा. कुणाला कळणार होतं?

पण लेक्चरमध्ये ऐकलेली एक गोष्ट डोक्यातून जाईना. पदार्थ अशुद्ध किंवा ओला असेल तर तो रेंगाळत वितळतो... आधी मऊ पडतो, मग ओघळतो, दोन-चार डिग्री खातो. शुद्ध असेल तर झटक्यात त्याचं पाणी होतं. माझ्या सुया दोन्ही वेळा झटक्यात वितळल्या होत्या. म्हणजे ॲसिड शुद्ध होतं. मग चुकत कोण होतं?

मी पेन मिटलं. चंचुपात्रात साधं पाणी घेतलं, खळाखळा उकळू दिलं आणि थर्मामीटर त्यात धरला. पारा शहाण्णववर येऊन थांबला. पाणी उकळतंय आणि हा म्हणतोय शहाण्णव! चार डिग्री कमी.

सरांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग कपाटातून नवा थर्मामीटर आणून शेजारी धरला... शंभर.

त्यांनी आमच्या बाकावरची बाकीची तीन जर्नल्स मागवली. "बापट, या थर्मामीटरवर एकशे एकवीस तुम्ही कसे वाचलेत, जरा समजावून सांगा."

"सर, ते... डोळ्यांनी."

सगळा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. तिन्ही सह्यांवर आडवी रेघ ओढून त्यांनी तिघांना प्रयोग पुन्हा करायला लावला. शनिवारच्या आत तो झालाही, पण कुमुद आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला वाईट वाटलं. पश्चात्ताप मात्र झाला नाही.

माझ्या जर्नलमधला एकशे सतरा सरांनी खोडला नाही. शेजारी थर्मामीटरची चूक लिहिली, खाली सही केली. आणि मग भर लॅबमध्ये, तीस मुलांसमोर, एकोणीस वर्षांच्या मुलीला म्हणाले, "थर्मामीटर वाटण्याआधी मी तपासायला हवे होते, मिस देवधर. चूक माझी."

परीक्षेला बसले. पुढे फर्स्ट क्लासमध्ये बी.एस्सी. झाले, तेव्हा अण्णांनी नौपाडाभर पेढे वाटले आणि कल्याणच्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं. मी डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. तो आकडा मी बदलला नाही याचा मला अभिमान आहे, आणि या वयात विनय दाखवत बसायची मला गरज वाटत नाही.

पण एक कबूल करते. मी कडक बाई म्हणून प्रसिद्ध होते... फळ्यावर माझंच काही चुकलं तर गुपचूप पुसून टाकत असे. "चूक माझी" हे वर्गासमोर म्हणायला मला नोकरीची अकरा वर्षं लागली. करंदीकर सरांनी ते एका मिनिटात म्हटलं होतं. केमिस्ट्री मला कुणीही शिकवली असती... हे मात्र मी त्यांच्याकडूनच शिकले.