तो लाल ठिपका दत्तारामचा नव्हता

दत्ताराम मिस्त्री गेल्याची खबर त्याच्या चाळीतल्या शेजाऱ्याने गॅरेजच्या दारात आणली. कावीळ अंगात भिनली होती, परळच्या इस्पितळात तीन दिवसही निघाले नाहीत... मी हातातलं काम टाकून लालबागला धावलो. चाळीच्या जिन्यात दोघं हळू आवाजात बोलत होते. "माणूस चांगला हो," एक म्हणाला, "पण घाटात ती गाडी उलटली ना, ती ह्याच्याच हातची." दुसऱ्याने मान हलवली. मी त्यांच्यामधून वर गेलो आणि तोंडातून शब्द काढला नाही. त्याला आज पाच आठवडे झाले. आता बोलतो. वाचून ज्यांना माझं तोंड बघावंसं वाटणार नाही, त्यांनी खुशाल बघू नये.

शिवडीला माझं गॅरेज आहे. लढाईनंतर लिलावात निघालेले मिलिटरीचे ट्रक घाटरस्त्याची कामं करणारे कंत्राटदार घेत, आणि असा ट्रक दरडीवरून कलंडला की टप चपटा होऊन आतली माणसं चिरडत. म्हणून आम्ही केबिनमध्ये जाड पाइपांचा पिंजरा बसवत असू आणि ड्रायव्हरला जागेला बांधायला विमानांच्या खुर्च्यांचे जुने पट्टे. कल्पना माझी, हात दत्तारामचा. नळाचा पाइप त्याने कधी वापरला नाही. पाइपात वाळू ठासून, तापवून तो असा वाकवायचा की वळणावर एक सुरकुती दिसायची नाही. पिंजऱ्याचे पाय तळाच्या पत्र्यावर नुसते टेकवलेले त्याला चालत नसत. ते पत्र्यातून खाली चॅसिसपर्यंत जायला हवेत आणि खालून जाड प्लेट लावून बोल्टाने आवळायला हवेत. "पत्रा म्हणजे पापड रे वसंता," तो म्हणायचा, "गाडीचा भार पडला की पाय आरपार." पट्टा पोटावर आलेला दिसला की तो ड्रायव्हरला दम भरायचा, "खाली घे, कमरेच्या हाडावर. आतडी काय भाड्याने आणलीस?" स्वतः आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर तो लाल रंगाचा ठिपका द्यायचा. तो ठिपका बघितल्याशिवाय एकही कंत्राटदार गाडी हलवत नसे.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात दत्ताराम पकडला गेला तेव्हा एक गाडी अर्धी होती. पिंजरा तयार होता, प्लेटा यायच्या होत्या. मुंबईत हरताळ, लोखंडवाल्याचं दुकान बंद, आणि कंत्राटदार डोक्यावर बसलेला. दोन दिवस थांबता आलं असतं. हरताळाला मी दोष देणार नाही. मी स्वतः पत्र्याला भोकं पाडली, प्लेटांऐवजी नुसत्या वायसरच्या चकत्या घालून पिंजऱ्याचे पाय पत्र्यावरच बसवले, पट्ट्यांची टोकंही तिथेच अडकवली. नंतर दत्तारामचा रंगाचा डबा उघडला आणि सोळा बोल्टांवर सोळा ठिपके दिले. कंत्राटदाराने विचारलं, "मिस्त्री तर आत आहे ना?" मी म्हटलं, "धरलं त्याच्या आधीच काम उरकून गेला तो."

नवव्या दिवशी गाडी उलटली. पिंजऱ्याचे पाय पत्रा फाडून खाली गेले, पट्टे मुळासकट निघाले. ड्रायव्हर सावळाराम जगला, पण उजवा पाय गुडघ्यातून कापावा लागला.

महिन्याने दत्ताराम सुटला तो घरी न जाता गॅरेजवर आला. मोडलेली गाडी अंगणातच होती. तो तिच्याखाली सरपटत गेला, बराच वेळ आत राहिला, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "ह्यो लाल माझो नाय."

"नाही," मी म्हटलं.

"मग कोणाचा?"

मी हत्यारं गोळा करायला लागलो. तो म्हणाला, "आत महिनाभर पोलीस नावं विचारत होते. एक नाव दिलं नाय मी. बाहेर येऊन तुझं देऊ? तुझं तू सांगशील तेव्हा सांग."

मी सांगितलं नाही. कंत्राटदाराने चार माणसांत टोमणा मारला, "घोषणा देणाऱ्यांचे नट ढिलेच असायचे." दत्ताराम शांतपणे म्हणाला, "शेट, घोषणा माझ्या होत्या. त्या घट्ट होत्या." पुढचं त्याने माझ्यावर सोडलं, आणि मी खाली बघत राहिलो. त्या दिवसापासून त्याने ठिपका देणंच सोडलं. लोकांनी त्यातही कबुली वाचली. राज्य झालं, लालबागेत पेढे वाटले, आणि आपल्याच गल्लीत तो माणूस 'गाडी उलटलेला मिस्त्री' म्हणून वावरला.

तेराव्यानंतर दत्तारामच्या बायकोपुढे, वहिनींपुढे बसून मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. धरून नेलं त्याच्या आदल्या रात्री जेवताना म्हणाले होते, प्लेटा नाहीत, गाडी अर्धी आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांनी बोलू दिलं नाही. आता ते नाहीत. छापा भावजी. आणि गोड करून लिहू नका."

सावळारामकडेही गेलो. त्याने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बरोबर केलं.

तेव्हा ऐका, जिन्यातले आणि जिन्याबाहेरचे सगळे. दत्तारामच्या हातचा एकही पिंजरा कधी निखळला नाही. निखळला तो मी बसवलेला. वर त्याचं नाव चोरून लावलं तेही मीच. माझं काय करायचं ते करा, त्याच्या नावाला यापुढे हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे.

त्याची एक रीत अजून सांगितली नाही, कारण ती सांगायला सगळ्यात जड जाते. काम झालं की तो गाडीखाली गोणपाट पसरायचा आणि मालकाला, मग तो कितीही मोठा असो, उताणा झोपवून प्रत्येक प्लेटेला हात लावायला सांगायचा. त्या गाडीखाली मी गोणपाट पसरलं नव्हतं.

परवा एक कंत्राटदार आला, पांढरेशुभ्र कपडे. मी गोणपाट पसरलं. तो म्हणाला, "मिस्त्री गेला ना तुझा? आता कशाला ही नाटकं?"

म्हटलं, "झोपायचं नसेल तर गाडी इथेच राहील."

कुरकुरत तो आडवा झाला. मी बाजूला उकिडवा बसलो आणि त्याचा हात धरून पहिल्या प्लेटेवर ठेवला.