दारू यांची, नाव माझं

डॉक्टरांनी रिपोर्ट यांच्या हातात न देता माझ्या हातात दिला. "अल्कोहोलिक हेपटायटिस," ते म्हणाले. म्हणजे दारूमुळे यकृताला आलेली सूज. यांचे डोळे पिवळेधमक झाले होते, पायांवर सूज होती, तरी आदल्या दिवसापर्यंत हे मला काविळीची साथ असल्याचं सांगत होते. "औषधाने सूज उतरेल," डॉक्टर म्हणाले. "पण पुन्हा प्यायले, तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही."

ही २०१६ची गोष्ट. आम्ही डहाणूत राहतो. हे सरकारी कचेरीत कारकून, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका.

ज्यांच्या घरी हे दुखणं आहे, त्यांना एक गोष्ट आधीच सांगते. रोज पिणाऱ्याची दारू आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्यातून 'विड्रॉअल' होतो. हात कापतात, झोप उडते, भास होतात. यांना वॉर्डात समोरच्या खाटेवर बायका बोंबील वाळत घालताना दिसायच्या. हे त्यांना नीट घाला म्हणून सांगायचे. दवाखान्यात होतो म्हणून निभावलं.

घरी सोडताना नर्सने दारू सोडणाऱ्यांच्या गटाबद्दल सांगितलं. बैठक डहाणूतही होते आणि तलासरीतही. डहाणूचं नाव काढताच यांनी मान फिरवली. कोणीतरी ओळखेल. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीने तलासरी. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे अलीकडे हायवेला बारच बार. त्यांच्यासमोरून मी यांना हाताला धरून नेलं.

बैठक एका शाळेच्या वर्गात होती. आत पाहते तर निम्मी मंडळी डहाणूकडची. सगळ्यांनी आमच्यासारखाच शहाणपणा केला होता. गट चालवणारे काका वरोरचे, मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य. त्यांनी यांना ओळख करून द्यायला सांगितलं. हे उभे राहिले आणि म्हणाले, "मी मिसेससाठी आलोय. तिला सवय आहे."

मला राग आला. भयंकर राग आला. आयुष्यात मी दारूचा थेंब घेतलेला नाही. पण मी तोंड उघडलं असतं तर हे तडक स्टँडवर गेले असते आणि वाटेत ते बार होतेच. मी गप्प बसले. तांडेल काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं. "बाई, बोलायचं नसेल तर नका बोलू," ते म्हणाले. "नुसतं येत जा. दोघंही या."

दर शनिवारी आम्ही गेलो. पिणाऱ्यांच्या गोलात मी बसायची आणि माझ्या शेजारी हे, पेशंटला सोबत आल्यासारखे. पण ऐकायचे मात्र कान देऊन. घरी आल्यावर कधी कधी म्हणायचे, "तो रिक्षावाला सांगत होता ना, अगदी तसंच होतं." कोणाचं, ते मी विचारत नव्हते. यांची दारू सुटली होती. रक्ताचे रिपोर्ट सुधारत होते. तेवढ्यासाठी मी बेवडी म्हणवून घ्यायला तयार होते.

एकदा एसटीत यांच्या कचेरीतला एकजण भेटला. दर शनिवारी कुठे, असं त्याने विचारलं. हे बोलून गेले, "मिसेसची ट्रीटमेंट आहे, दारूची." पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. बोलले सौम्यपणे. एका पालकाने तक्रार केली होती, बाई पिऊन वर्गात येत असतील तर मुलांचं काय. "सर, मी पीत नाही," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. विश्वास बसलेला दिसत नव्हता.

रात्री जेवताना मी यांना एवढंच सांगितलं, "माझी नोकरी जाईल." हे लगेच ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हे शाळेत आले. शिक्षक खोलीत आम्ही सगळे डबे उघडून बसलो होतो, मुख्याध्यापकही होते. हे दारातच उभे राहिले. "हिच्याबद्दल जे ऐकलंत ते माझं आहे," हे म्हणाले. "दारू मी प्यायचो. हिने कधी हातसुद्धा लावला नाही. तलासरीला ही मला घेऊन जाते." मुख्याध्यापकांनी खुर्ची पुढे केली, पण हे बसले नाहीत, कचेरीत निघून गेले. माझा राग गेला असं नाही, पण त्या माणसाचा मला अभिमान वाटला.

शनिवारी यांनी आपणहून हात वर केला. "मी दारुडा आहे," म्हणाले. तांडेल काका हसले. "आमाला पयल्या दिवशीच समजलेलं. तुमच्या तोंडून यायला पायजे होतं. बसा."

त्या गोलात आता माझं काम नव्हतं. मी बाहेर आले. व्हरांड्यात बाकावर घरची माणसं बसायची, तिकडे मी आजवर कधी गेलेच नव्हते. रानशेतची एक बाई सरकली आणि तिने मला जागा दिली.

"बाय, तुजा नवरा कदीपासून प्यायचा?" तिने विचारलं.

इतकी वर्षं हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले, आणि बैठक सुटून हे बाहेर येऊन उभे राहिले तरी माझं संपलं नव्हतं.