आधी खोटं करून पाहू

रिठदला विश्वनाथकाकांनी बंगला बांधायचं ठरवलं, तेव्हा आधी तुऱ्हाट्यांचा बंगला उभा केला. तुरीच्या वाळक्या काड्यांच्या भिंती, दारांना सुभद्राकाकूंच्या जुन्या साड्या, ओट्याच्या जागी सोयाबीनची पोती, आणि सगळं खऱ्या मापाचं! काकू त्यात खरोखर स्वयंपाक करत होत्या आणि काका खुर्ची टाकून बघत बसले होते. अख्खं गाव तमाशा बघायला जमलं होतं. काकू हंडा घेऊन वळल्या, कोपर भिंतीला लागलं आणि भिंत आडवी झाली. लोक खो खो हसले. काका मात्र टाळी वाजवून उठले. "पाहा! विटाची असती त कोपर फुटलं असतं. सरकवा रे भिंत तिकडं!"

"आधी खोटं करून पाहू, मंग खरं करू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस सधन, आवाज मोठा, आणि लोकांच्या हसण्याची लाज म्हणून नाही. आम्ही शेजारी, त्यामुळे त्यांचे सगळे प्रयोग आधी आमच्या अंगणात यायचे. एखादी वस्तू हाती देऊन विचारायचे, "कसं वाटते?" आपण 'छान' म्हणालो की तोंड वाकडं. "छान मले नको बावा. कुठं बोचते ते सांग."

मी वाशीमला शाळेत शिकवतो. एकदा आमचं 'डिझाइन थिंकिंग'चं प्रशिक्षण झालं. आधी माणसाची अडचण समजून घ्या, मग कल्पना काढा, कच्चा नमुना करा, वापरून बघा, चुकलं तर पुन्हा करा. घरी येऊन काकांना हे सांगितलं, तर त्यांना कोण आनंद! "म्हंजे आपल्यासारखे येडे आनखी बी आहेत त!"

मग माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला. जन्मभर पंगतीत वाढणारी बाई ती. दुसऱ्यानं घास भरवला की भिंतीकडे तोंड करायची. डाव्या हातानं जेवणं तर तिच्या लेखी मेल्याहून मेल्यासारखं. दिवसेंदिवस ती वाळत चालली. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्नच गेलं नाही तर औषध काय करणार? मी पार हबकून गेलो होतो.

काकांनी दुसऱ्याच दिवशी एक ताटली आणली. एका बाजूनं उंच काठ, भाकरी अडकवायला खाच. एका हातानं आरामात तुकडा मोडावा अशी. आईनं ती डाव्या हातानंच लोटून दिली. "भाऊजी, या हातानं जेवू का मी? देवा!"

मला वाटलं, काका दुखावले. छे! ते तिथंच मांडी घालून बसले. "चुकलंच माह्यं. मी भाकरीचा इचार केला, तुमाले इचारलंच नाई. सांगा वहिनी, काय पाह्यजे?"

आईनं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर ओढून घेतला. म्हणाली, "माह्या उजव्या हातानं जेवाचं आहे. चार जणींत बसून."

ती अख्खी दुपार काका तिचा हात बघत बसले. पदर हातात आला की तिची बोटं हळूहळू मिटत होती. चिमूट होत नव्हती, पण मूठ जराशी वळत होती. आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. काकांनी माझ्या बायकोकडून कणकेचा गोळा मागून घेतला आणि आईच्या मुठीत ठेवला. "दाबा वहिनी. जमन तेवढंच."

गोळ्यावर तिच्या बोटांच्या खाचा उमटल्या. काकांनी त्यात चमचा खुपसला. पहिल्यांदा घास गालाला लागला. मग त्यांनी चमच्याची मान वाकवली, तर वरण पदरावर सांडलं. "आता कुठं अडते?" ते विचारायचे आणि नवा गोळा घ्यायचे. आई चिडायची, रडायची. हे दर वेळी नव्या हुरूपानं बसायचे. एका दुपारी वरणात कुस्करलेली भाकरी त्या चमच्यावरून, तिच्याच उजव्या हातानं, तिच्या तोंडात गेली. आई चावायचीच विसरली. चमत्कार मी पुष्कळ ऐकलेत. डोळ्यांनी पाहिला तो हा एकच. मग सुतारानं त्याच खाचा सागाच्या मुठीत कोरून तो चमचा तिच्यात बसवून दिला.

आई घरात जेवू लागली, अंगानं भरली. पण पंगतीचं नाव काढलं की मान हलवायची. काका चिडवायचे, "वहिनी, खरी परीक्षा बाकी आहे तुमची." ती परीक्षा त्यांनी पाहिली नाही. यंदाच्या हिवाळ्यात बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं.

तेरवीच्या दिवशी मी आईला काकांच्या त्या नव्या, विटांच्या बंगल्यात घेऊन गेलो. बायकांची पंगत बसत होती. ती कुणाला न विचारता पाटावर जाऊन बसली. पिशवीतून सागाच्या मुठीचा चमचा काढला आणि सगळ्यांच्या देखत जेवू लागली. जेवता जेवता थांबली. समोर काकांचा हार घातलेला फोटो होता. त्याच्याकडे बघून ती मोठ्यानं म्हणाली, "भाऊजी, अंगठ्यापाशी बोचते बरं अजून."

सुभद्राकाकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि पुऱ्यांच्या परातीतला कणकेचा गोळा घेऊन आल्या. आईसमोर बसून त्यांनी तो तिच्या मुठीत ठेवला.

"दाबा," त्या म्हणाल्या.